कॉफी मशीनच्या पोटातला चुना

एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या एका मोठ्या कार्यालयाच्या पॅन्ट्रीत कंत्राटदारामार्फत कामाला आहेत. चहा-कॉफीचे मशीन त्यांच्याकडे आहे. सप्रेम जयभीम करून त्या लिहितात, "मशीन दोन महिन्यांपासून घरघर आवाज करते. कॉफी कोमट येते, कप भरायला वेळ लागतो. साहेब लोक ओरडतात. मेकॅनिक येऊन म्हणाला, आतला बॉयलर चोंदला आहे, बदलावा लागेल. सुपरवायझर म्हणतात, तू नीट वापरले नाहीस, खर्च तुझ्या पगारातून कापू. मी रोज मशीन पुसते, ट्रे धुते, भांडी घासते. मग माझे चुकले कुठे?"

ताई, तुमचे चुकलेले नाही. मशीन बाहेरून कितीही पुसले तरी हा बिघाड टळत नाही, कारण तो पाण्यातून आत जातो. आणि तो वेळेवर काढायला मेकॅनिक लागतोच असे नाही. किराणा दुकानात मिळणारी एक पांढरी पुडी त्याला पुरते.

आपल्या घरी चहा पातेल्यात उकळतो, तेव्हा हा विषय आपल्या सदरात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण आज आपल्या कितीतरी घरांतले कोणी ना कोणी अशा मशीनपाशी उभे असते. कोणी ऑफिसच्या पॅन्ट्रीत, कोणी दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये, कोणाचा मुलगा शिकता शिकता कॉफीच्या दुकानात पाळी करतो. मशीन मालकाचे असते, पण ते बंद पडले की पहिला बोल त्याच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला लागतो. म्हणून त्याच्या पोटात काय चालते हे त्या माणसाला ठाऊक असलेले बरे.

पाणी जमिनीतून झिरपते तेव्हा खडकातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार त्यात विरघळतात. असे पाणी म्हणजे जड पाणी. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन म्हणतात, कारण त्यात साबणाचा फेस लवकर होत नाही. थंड असताना हे क्षार डोळ्यांना दिसत नाहीत. पाणी तापले की विरघळलेला क्षार फुटतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड वायू उडून जातो आणि मागे उरते ती चुनखडी. म्हणजे जिथे पाणी तापते नेमके तिथेच ती बसते. अंघोळीचे पाणी तापवायच्या रॉडवर पांढरी खपली धरते, रोज पाणी उकळण्याच्या पातेल्याच्या तळाशी करडा थर येतो, तो हाच. मशीनच्या आत तेच घडते, फक्त दिसत नाही.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. खारट पाणी म्हणजे जड पाणी, असे पुष्कळ जण धरून चालतात. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यातले पाणी जिभेला खारट लागते, ते मुख्यतः त्यातल्या मिठासारख्या क्षारांमुळे. मीठ तापल्याने दगड होत नाही. उलट एखाद्या बोअरचे पाणी चवीला गोड लागते आणि महिन्याभरात रॉड पांढरा करते. तेव्हा जिभेवर विसंबू नका. दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत पावसाचे किंवा आरओचे पाणी, दुसरीत आपले पाणी, दोन्हीत सारखाच किसलेला अंगाचा साबण टाकून हलवा. (कपड्यांची पावडर नको, ती जड पाण्यातही फेस करते.) दुसऱ्या बाटलीत फेसाऐवजी दुधासारखा गढूळपणा आणि साय आली तर पाणी जड.

मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांचे, म्हणजे साठवलेल्या पावसाचे पाणी मिळते, ते मऊ असते. तिथे एकच मशीन वर्षभर बिनतक्रार चालेल आणि तेच मशीन बोअरवेलच्या पाण्यावर चालणाऱ्या एखाद्या कार्यालयात सहा महिन्यांत धापा टाकू लागेल. मशीन तेच, कामाचा माणूसही तेवढाच प्रामाणिक. फरक फक्त पाण्याचा.

किती चुना साचतो याचा हिशेब घालून पाहू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे (आय. एस. १०५००, २०१२) एका लिटरमध्ये २०० मिलिग्रॅमपर्यंत जडपणा चांगला मानतात, आणि दुसरे पाणी मिळतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आपण मधला ३०० धरू. मशीन दिवसाला २० लिटर पाणी वापरत असेल तर रोज ६ ग्रॅम क्षार त्यातून जातो. कामाच्या २६ दिवसांचे १५६ ग्रॅम झाले. बहुतेक सगळा कपातून माणसांच्या पोटात जातो, तिथे त्याचा त्रास नाही. जड पाणी पिणे हा काही रोग नव्हे. पण त्यातला दहावा हिस्सा जरी मशीनमध्ये राहिला तरी महिन्याला १५ ग्रॅम, तीन-चार चहाचे चमचे भरून चुना. वर्षाचा हिशेब १८० ग्रॅमच्या पुढे जातो. आणि हा सगळा बसतो कुठे, तर पेन्सिलीसारख्या बारीक नळ्यांत आणि मुठीएवढ्या डब्यात.

चुनखडीतून उष्णता फार सावकाश जाते. तांब्यातून जेवढी जाते तिच्या शंभराव्या हिश्शाएवढीही नाही. म्हणून तापवणारी कॉइल आतल्या आत लालबुंद होते आणि पाणी मात्र कोमट राहते. वीज जास्त लागते, कॉइल लवकर जळते. पाणी किती तापले ते सांगणाऱ्या सेन्सरवर खपली बसली की तोही चुकीचे सांगू लागतो. नळी अरुंद झाली की पंपाला जोर लागतो, तीच ती घरघर. कॉफी बियांपासून ताजी कॉफी काढणाऱ्या एस्प्रेसो मशीनला तर पाणी ९० ते ९६ अंश तापलेले आणि साधारण ९ बार दाबाचे लागते. पाणी त्याहून थंड पडले की कॉफीचा अर्क नीट उतरत नाही, ती आंबट आणि पाणचट लागते. गिऱ्हाईक म्हणते, कॉफी पावडर बदलली वाटते!

दाक्षिणात्य लोकांच्या पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरला ही भानगडच नाही. त्यात पाणी तापत नाही, बाहेर उकळलेले ओतायचे असते. चुना धरतो तो पाण्याच्या पातेल्यात, आणि पातेले घासता येते. साध्या वस्तूचा हा फायदा असतो. असो.

आता उपाय. आपल्या आयाबहिणींना तो अर्धा माहीतच आहे. कुकरच्या तळाच्या पाण्यात लिंबाची साल किंवा चिंचेचे बोटूक टाकले की ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडत नाही. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने लख्ख होतात. क्षाराला आंबट लागले की तो सुटतो, एवढेच तत्त्व मशीनलाही लागू आहे. फक्त मशीनमध्ये चिंच किंवा लिंबाचा रस घालू नये. रसात चोथा असतो, तो बारीक नळीत अडकतो. त्यासाठी लिंबूसत्व वापरायचे, म्हणजे सायट्रिक ॲसिड. काही दुकानदार त्याला लिंबूफूल म्हणतात. सरबतात, ढोकळ्यात घालतात ते. खाण्याचे आहे, वास नाही, आणि पाण्याने धुऊन पूर्ण निघून जाते. व्हिनेगरनेही चुना निघतो, पण त्याचा वास दोन दिवस कॉफीला येतो आणि काही कंपन्या रबराच्या वायसरसाठी ते वापरू नका असे पुस्तिकेत सांगतात.

आणि संडास धुण्याचे ॲसिड? काही महाभाग तेही टाकतात, कारण त्याने फरशीचे डाग पटकन जातात. ते खाण्याच्या यंत्रात कधीही टाकू नका. ते धातू खाते आणि त्याचा अंश राहिला तर माणसाला बाधते. कोणतेही ॲसिड, अगदी लिंबूसत्वसुद्धा, ब्लीचिंगच्या पाण्यात मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद पॅन्ट्रीत तो जिवावर बेतू शकतो. सफाईचे काम करणाऱ्या आपल्या माणसांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

सुरुवातीला मशीन कोणते आहे ते पाहा. ज्याची पाण्याची टाकी हाताने भरायची असते, असे लहान मशीन आपण साफ करू शकतो. नळाला कायमचे जोडलेले, मोठ्या बॉयलरचे, वाफेचा दाब असलेले दुकानातले मशीन मात्र मेकॅनिकवर सोडावे, दाबाशी खेळू नये. पावडरची कॉफी देणारे पॅन्ट्रीतले मशीन या दोहोंच्या मधले. बरीचशी जारमधून पाणी ओढतात आणि त्यांना नुसत्या गरम पाण्याचे बटण असते. पुस्तिकेत परवानगी असेल तर त्या बटणाने काम होते. पुस्तिका हरवली असेल तर ज्यांचे मशीन त्यांच्याकडून मागून घ्या आणि साफ करण्याआधी वरिष्ठांना विचारा. मशीन भाड्याचे असेल तर देखभालीचा करार बहुधा पुरवठादाराशी असतो आणि चुना काढणे त्याच्याच माथी असू शकते. तो कागद पाहायला मागण्यात काही गैर नाही.

पावडरीचे डबे काढून ठेवा. कॉफीचा कागदी फिल्टर असेल तर तोही काढा. पाणी शुद्ध करणारा गाळा टाकीत असेल तर तो आधी बाहेर. मशीनवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावा, "सफाई चालू आहे, पाणी पिऊ नये". ही चिठ्ठी विसरू नका, कोणी तरी घाईत येऊन कप लावतोच. मग एका जगमध्ये एक लिटर कोमट पाणी घेऊन त्यात ३० ग्रॅम लिंबूसत्व, म्हणजे दोन मोठे चमचे भरून, पूर्ण विरघळवा. खडा राहता कामा नये. हे पाणी टाकीत ओता. निम्मे पाणी मशीनमधून काढा, मग मशीन बंद करून वीस मिनिटे तसेच राहू द्या. आत बुडबुडे येत असतात, तोच चुन्यातला वायू सुटत असतो. उरलेले पाणी नंतर काढा. ते गढूळ येईल, पांढरे कणही येतील. पुस्तिकेत वेळ किंवा प्रमाण वेगळे दिले असेल तर तेच पाळा. काही मशीनचे आतले भाग ॲल्युमिनियमचे असतात, त्यात आंबट पाणी रात्रभर ठेवले तर धातूच झिजेल.

पाणी उकळते घेतले तर काम लवकर होईल, असा विचार मनात येतो. तो सोडा. लिंबूसत्व आणि चुना मिळून जो नवा क्षार होतो तो गरम पाण्यात कमी विरघळतो. फार तापवले, फार दाट केले, तर एक दगड काढून दुसरा बसवल्यासारखे होते. चमचाभर जास्त टाकण्याचा मोहही म्हणूनच नको.

यानंतर साध्या पाण्याच्या दोन-तीन भरलेल्या टाक्या मशीनमधून काढायच्या. यात कंजुषी करू नका. शेवटचे पाणी कपात घेऊन त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. बुडबुडे उठले तर आंबटपणा शिल्लक आहे, आणखी एक टाकी जाऊ द्या. बुडबुडे नाहीत, आणि थंड करून घोटभर चाखले तर आंबटही लागत नाही, म्हणजे मशीन कामाला तयार.

हे महिन्याला का करायचे, तेही हिशेबात आहे. ३० ग्रॅम लिंबूसत्व फार तर वीस-बावीस ग्रॅम चुना खाऊ शकते. महिन्याचे १५ ग्रॅम ते एका फेरीत नेते. वर्षभर साचलेले १८० ग्रॅमहून जास्त ते एका दिवसात कसे नेणार? शिवाय जाड थराची खपली एकदम सुटली तर ती पुढच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकते आणि मशीन पूर्वीपेक्षा वाईट होते. तेव्हा फार साचलेले असेल तर आठ-आठ दिवसांनी हलक्या फेऱ्या कराव्यात. पाणी मऊ असेल तर तीन-चार महिन्यांतून एकदा पुरे. काही मशीनवर चुना काढण्याचा दिवा लागतो. लोक तो बघून सवयीने दुसरे बटण दाबतात.

रोजची सफाई आणि ही सफाई यांत गल्लत होते. कॉफीच्या बियांत तेल असते, दुधाच्या पावडरीत स्निग्धांश. त्याचा चिकट थर नळ्यांच्या तोंडाशी आणि पावडर घुसळायच्या भांड्यात बसतो, वास मारतो. तो गरम पाण्याने आणि साबणाने रोज काढायचा. लिंबूसत्वाला तो दाद देत नाही आणि साबणाला चुना दाद देत नाही. आमच्या ताई रोजची सफाई मन लावून करत होत्या. दुसरी सफाई करायची असते हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते, लिंबूसत्वाची पुडीही दिली नव्हती.

म्हणून पगारकपातीबद्दल दोन शब्द. कामगाराकडे खास सोपवलेली वस्तू थेट त्याच्या हलगर्जीपणामुळे बिघडली तरच नुकसानीपोटी पगार कापता येतो. तोही नुकसानीपेक्षा जास्त नाही, आणि कापण्यापूर्वी त्याला आपले म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात हे होते, २०१९ च्या वेतन संहितेतही ते कायम आहे. बोअरच्या पाण्याचा चुना हा कोणाचा हलगर्जीपणा नव्हे. चुना काढण्याचे काम ठरवून दिलेले नसेल, शिकवलेले नसेल, सामान दिलेले नसेल, तर तो कामगाराच्या माथी मारता येत नाही. ताईंनी आपले म्हणणे साध्या शब्दांत लिहून द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. मी काय काय सफाई करते, पाणी कुठून येते, चुना काढण्याबद्दल मला काय सांगितले होते किंवा नव्हते, तक्रार पहिल्यांदा कोणत्या तारखेला कळवली. मेकॅनिकने कागदावर "क्षार साचल्याने" असे लिहिले असेल तर त्याची प्रत मागावी. तोच कागद ताईंच्या बाजूने सर्वात जास्त बोलेल. कंत्राटदार ऐकत नसेल तर युनियन असल्यास युनियनकडे, नाहीतर कामगार खात्याच्या कार्यालयात जावे. एकटीने जाऊ नये, सोबत एखादी सहकारी असावी.

आणि बॉयलर बदलण्याआधी चुना काढून पाहिला का, हेही मेकॅनिकला विचारावे. कॉइल जळाली असेल तर बदलण्याला इलाज नाही. पण कोमट पाणी आणि मंद धार एवढीच तक्रार असेल तर दोन-तीन हलक्या फेऱ्यांनी मशीन पुष्कळदा सुधारते.

यापुढे मशीनच्या बाजूला एक कागद चिकटवून ठेवावा. तारीख, काय केले, कोणी केले, सही. शक्य असेल तर वरिष्ठांनाच आरओच्या जारचे पाणी वापरायला सुचवावे, त्यात क्षार कमी असतात. पण अगदी बॅटरीचे डिस्टिल्ड पाणी नको. बॉयलर भरला की नाही हे काही मशीन पाण्यातल्या क्षारांतून जाणाऱ्या विजेवरून ओळखतात. पाणी फार शुद्ध असले तर मशीनला ते दिसतच नाही!

घरच्या रॉडलाही हाच उपाय. प्लग काढून रॉड पूर्ण थंड होऊ द्या. प्लॅस्टिकच्या बादलीत लिंबूसत्वाचे पाणी करून फक्त कॉइलचा भाग तासभर बुडवा, मूठ आणि वायर कोरडी राहिली पाहिजे. पाना किंवा दगडाने ठोकून खपली पाडू नका, कॉइलच्या नळीला चीर गेली तर पाण्यात वीज उतरते. साध्या पाण्याने धुऊन, पुसून, वाळवूनच पुन्हा लावा. विजेच्या किटलीत तेच पाणी भरून अर्धा तास ठेवायचे आणि मग दोनदा साधे पाणी उकळून फेकायचे. गिझर मात्र उघडू नका, ते काम इलेक्ट्रिशियनचे.

उरलेले लिंबूसत्व घट्ट झाकणाच्या बाटलीत, मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवा आणि बाटलीवर नाव लिहा. दिसायला ते थेट साखरेसारखे असते.